कांगारूची ऊ आणि कपाशीचं औषध

मंडळी, ह्या वीकांताचा विषय जरा खाजवणारा आहे. जेवता जेवता वाचत असाल तर आधी ताट संपवा, मग या.

माझं आजोळ बुलढाणा जिल्ह्यातलं, मेहकरच्या पुढे. तिकडे मळ्यात कुत्रं असतंच. आणि त्या कुत्र्याच्या अंगावर जे काही वळवळतं त्यावर उपायही ठरलेला असतो. कपाशीवर मारायचं जे काही औषध गोठ्याच्या फळीवर उरलेलं असेल ते बादलीत ओतायचं आणि कुत्र्याला चोळायचं. "फवारनीचं हाये ना घरात, ढोराच्या डॉक्टरले काहून बोलवतं?" हा आमच्या मामांचा युक्तिवाद. बऱ्याचदा ह्याने उवा खरंच मरतात. कधीकधी कुत्रंच लाळ गाळत, थरथरत तासाभरात जातं, आणि मग नाव सापावर जातं.

इकडे पुण्यात उलटा प्रकार. टीममधल्या एकाच्या लॅब्रॅडॉरला उवा झाल्या तर त्याच्या घरी सोफ्याची कव्हरं जाळायची भाषा सुरू झाली, आणि लहान मुलीचे केस कापायचे का यावर नवराबायकोत वाद. दोन्हीकडे मूळ गोष्ट एकच: ती ऊ नक्की कोण, कुठली, आणि तिच्यावरचं औषध मुळात कोणासाठी बनलं होतं, हे कोणालाच माहीत नसतं. माझ्या डोक्यात हा किडा शिरला आणि दोन शनिवार गेले. जे हाती लागलं ते भलतंच रंजक निघालं.

आधी नावांचा घोळ निस्तरू. आपण सरसकट 'पिसवा झाल्या' म्हणतो. पिसू उडी मारते. गोचीड कोळ्याच्या गोत्रातली, आठ पायांची, चिकटून टम्म फुगते. ऊ ना उडी मारते ना फुगून वाटाणा होते. ती आयुष्यभर कुत्र्याच्या केसांतच राहते, तिथेच अंडी घालते आणि प्रत्येक अंडं, म्हणजे लीख, केसाला अक्षरशः सिमेंट लावून चिकटवते. कोंडा झटकला की पडतो, लीख पडत नाही. घरच्या घरी करायची एवढी एक टेस्ट पुरेशी आहे.

'ऊ' आणि 'लीख' हे शब्द फार जुने. संस्कृतात यूका आणि लिक्षा. गंमत म्हणजे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ही चक्क लांबीची मापं आहेत! आठ लिक्षा म्हणजे एक यूका, आठ यूका म्हणजे एक यव, आठ यव म्हणजे एक अंगुल. अंगुल साधारण पाऊण इंच धरला तर यूका येते जेमतेम 0.3 मिलिमीटर. उवेची जाडी म्हणून चालून जाईल. लिक्षा मात्र 0.04 मिलिमीटर येते, आणि खरी लीख त्याच्या वीसेक पट लांब असते. म्हणजे मोजमाप करणाऱ्याने लीख हातात घेतलीच नव्हती, नुसतं आठने भागत गेला. असे स्पेसिफिकेशन लिहिणारे लोक आजही आपल्या ओळखीचे असतात. असो.

चरकसंहितेतही यूका आहे. तिथे तिची गणना शरीराबाहेरच्या मळातून होणाऱ्या कृमींमध्ये केली आहे. तिकडे ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलही म्हणत होता की उवा प्राण्यांच्या शरीरातूनच आपोआप उपजतात. इटलीतल्या फ्रान्चेस्को रेदीने 1668 साली मांसावर माशी बसू दिली नाही तर अळ्या होत नाहीत हे दाखवलं, आणि त्याच पुस्तकात निरनिराळ्या प्राणीपक्ष्यांच्या उवांची चित्रं छापली. तेव्हापासून 'घाणीतून ऊ जन्मते' ह्या कल्पनेचा पाया गेला, पण कल्पना काही गेली नाही. ज्याच्या कुत्र्याला उवा होतात तो अजूनही शरमतो. वास्तविक ऊ येते ती दुसऱ्या कुत्र्याकडून किंवा त्याच्या ब्रशवरून, अंथरुणावरून. अशक्त, म्हाताऱ्या किंवा पिल्लू असलेल्या कुत्र्यावर ती माजते, कारण त्यांना स्वतःला नीट खाजवता-चाटता येत नाही. स्वच्छतेशी संबंध एवढाच.

आता मुख्य पात्रं. जगात कुत्र्याच्या उवा प्रामुख्याने तीन. एक ट्रायकोडेक्टिस कॅनिस, बुटकी, चपटी, त्वचेचे पापुद्रे चावणारी. दुसरी लिनोग्नॅथस सिटोसस, टोकदार तोंडाची, रक्त पिणारी. ह्या दोघी कुत्रा-लांडगा-कोल्हा ह्या घराण्याच्या जुन्या भाडेकरू. तिसरी आहे हेटेरोडॉक्सस स्पिनिजर, आणि खरी गोष्ट तिची आहे, कारण आपल्यासारख्या उष्ण देशात गावठी कुत्र्यावर नेहमी सापडते ती हीच.

हिचं नामकरण 1909 साली गुंथर एन्डरलाइन ह्या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने केलं, दक्षिण आफ्रिकेतल्या नमुन्यांवरून. पण तिच्या कुळाचा शोध घेत गेलो की गाडी भलतीकडेच जाते. हिचं कुळ आहे बूपिइडी. ह्या कुळातल्या बाकी जवळपास सगळ्या उवा राहतात कांगारू, वॉलबी असल्या पिशवीवाल्या प्राण्यांवर, ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीत! कुत्रा हा त्या घराण्यातला एकदम उपरा यजमान. म्हणजे मेहकरच्या मळ्यातल्या कुत्र्याच्या मानेवर जी फिरतेय ती मुळात कांगारूच्या भाऊबंदांची ऊ.

ती तिथून इथे आली कशी? उवेला पंख नाहीत. यजमानापासून वेगळी केली तर ती काही दिवसांत मरते. त्यामुळे ती सामानातून किंवा धान्यातून आलेली असणं जवळपास अशक्य. तिला आणणारं वाहन एकच, जिवंत कुत्रा. डिंगो कुत्रा माणसाबरोबर ऑस्ट्रेलियात पोचला त्याला किमान तीन हजार वर्षं झाली. तो वॉलबीची शिकार करणार, मेलेल्या वॉलबीचं अंग थंड पडायला लागलं की उवा जवळच्या उबदार अंगावर उडी... चुकलो, उडी नाही, चाल करणार. अशा हजारो स्थलांतरांतलं बहुतेक वाया जातं. उवेचे पंजे, पचन, अंड्याचा गोंद, सगळं एकाच प्राण्याच्या केसासाठी ट्यून केलेलं असतं. दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर ती चालतच नाही. हिचं कुठेतरी चाललं.

पुढचा प्रवास बोटींचा. इंडोनेशियातल्या मकासरचे कोळी उत्तर ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर समुद्रकाकड्या गोळा करायला दरवर्षी जात, 1907 पर्यंत जात होते. त्या काकड्यांचं गिऱ्हाईक चीन. म्हणजे ऑस्ट्रेलिया ते आग्नेय आशिया हा रस्ता इंग्रजांच्या आधीचाच. मग एकोणिसाव्या शतकात न्यू साउथ वेल्समधून हिंदुस्थानच्या फौजेसाठी घोडे यायला लागले, त्यांना 'वेलर' म्हणत. बोटीवर घोडे, खलाशी आणि त्यांची कुत्री. मला स्वतःला पहिला रस्ता जास्त पटतो, कारण बंदराबंदरांतून, एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे असं सावकाश पसरायला त्याला वेळ जास्त मिळाला. आज ही ऊ विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण 40 अंशांपर्यंतच्या उष्ण पट्ट्यात आढळते. युरोपात तिचं बस्तान नाही, त्यामुळे परदेशी पुस्तकांत ती एका ओळीत उरकलेली असते. आपले कुत्रेवाले लोक तीच पुस्तकं वाचतात आणि ट्रायकोडेक्टिस शोधत बसतात.

ओळखायची कशी? सेलोटेपवर एक पकडा, काचेवर चिकटवा आणि शाळेतल्या मायक्रोस्कोपखाली धरा. पायाच्या टोकाला एक नखी असेल तर ट्रायकोडेक्टिस, दोन असतील तर कांगारूवाली. साध्या भिंगाने नख्या दिसणार नाहीत, पण आकार कळतो: ट्रायकोडेक्टिस रुंद आणि बुटकी, हेटेरोडॉक्सस तीनेक मिलिमीटर लांब, सडपातळ आणि पळण्यात चपळ. ती नुसती पापुद्रे खाते असा समज होता. पण भारतीय प्राणिशास्त्रज्ञांनी 1980 च्या दशकात तिची तोंडाची रचना आणि पोटातलं अन्न तपासून ती रक्तही पिते हे दाखवलं. म्हणून पिल्लाला भरपूर उवा असतील तर हिरड्या पांढऱ्या पडलेल्या दिसू शकतात.

आणि हो, त्या मुलीचे केस कापायची गरज नाही. कुत्र्याची ऊ माणसावर वसती करत नाही, माणसाची कुत्र्यावर करत नाही. शेळीची ऊ कुत्र्यावर नाही, कुत्र्याची शेळीवर नाही. मात्र एक वळसा आहे. 1869 साली निकोलाय मेल्निकोव्ह नावाच्या रशियन संशोधकाला ट्रायकोडेक्टिस फोडून बघताना आत पट्टकृमीचं बाळरूप सापडलं. कुत्र्याच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे वळवळणारे तुकडे कधी पाहिलेत? तोच तो जंत, डिपायलिडियम. त्याचा मधला मुक्काम उवेत. कुत्रा खाजवताना ऊ गिळतो आणि फेरा पूर्ण होतो. रांगतं मूल चुकून ऊ गिळेल तर त्यालाही जंत होतो. पुढे हेच काम मुख्यतः पिसू करते हे सिद्ध झालं, पण मान पहिल्यांदा मिळाला उवेला. म्हणून उवा काढल्या आणि जंताचं औषध दिलं नाही, किंवा उलट, तर काम अर्धंच राहतं.

आता औषधांकडे येतो, कारण ही सगळी खटपट त्यासाठीच.

सगळ्यात जुना उपाय धुणं. आमच्या जिल्ह्याला ह्यात अभिमानाची जागा आहे: लोणारच्या खाऱ्या सरोवराची पापडी. ऐन-इ-अकबरीत लोणारच्या वर्णनात तिथे काच आणि साबण करायला लागणारा सगळा माल मिळतो असं नोंदलेलं आहे. पण साबणाने ऊ थोडी वाहून जाते, लीख हलत नाही. मग झाडपाला. सीताफळाच्या बियांची पूड बायका डोक्याला लावत, तीच कुत्र्याला. बियांत कीटक मारणारी द्रव्यं आहेत हे खरं, पण डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते, आपल्याकडच्या नेत्रतज्ज्ञांनी अशा केसेस छापल्या आहेत. कुत्रं तर डोकं झटकणारच. तंबाखूचं पाणीही तसंच. निकोटिन उवेला मारतं, आणि चाटलं तर कुत्र्यालाही. बाय द वे, सीताफळ आणि तंबाखू दोन्ही मूळ अमेरिकेतले. म्हणजे आपला 'पारंपरिक' उपायसुद्धा बोटीनेच आलेला.

इथून पुढे मला एक पॅटर्न दिसायला लागला. उवांवरचं एकेक औषध बघा, ते कुत्र्यासाठी शोधलेलं नसतंच. 1852 साली इंग्लंडात विल्यम कूपरने आर्सेनिक आणि गंधकाची पूड काढली ती मेंढ्यांना बुचकळायला, कारण लोकर म्हणजे पैसा. 1909 मध्ये शार्ल निकोलने टायफस ज्वर माणसाच्या अंगावरच्या उवेतून पसरतो हे दाखवलं, आणि उवा एकदम लष्करी प्रश्न झाल्या. 1939 मध्ये पाउल म्यूलरने डीडीटीची ताकद ओळखली. 1943-44 च्या हिवाळ्यात इटलीतल्या नेपल्स शहरात दहा लाखांहून अधिक माणसांच्या कपड्यांत ती पूड मारून टायफसची साथ थोपवली. युद्ध संपल्यावर उरलेला माल शेतात, घरात, गोठ्यात आणि शेवटी कुत्र्यावर. आपल्याकडे 1953 पासून मलेरियावाले गावोगाव डीडीटी फवारत. त्याच्या पाठोपाठ गॅमॅक्सिन, म्हणजे बीएचसी. ती पांढरी पावडर तांदूळ निवडल्यासारखी सहज हाताने कुत्र्याच्या पाठीवर भुरभुरायचे. बीएचसीवर भारतात 1997 मध्ये बंदी आली, त्याच्या शुद्ध रूपाचा, लिंडेनचा वापर बंद व्हायला 2013 उजाडलं.

सरकारी गुरांचे दवाखानेही ह्याच हिशोबाने उभे राहिले. इंग्रजांना फौजेचे घोडे आणि शेतीचे बैल महत्त्वाचे होते. मुंबईचं पशुवैद्यक कॉलेज 1886 चं, पण कुत्रा त्या चित्रात कोपऱ्यातच. आमच्याकडे त्याला अजून 'ढोराचा दवाखाना' म्हणतात. कुत्र्याला तिथे न्यायचं असतं हे नावातच नाही!

आणि मग कापूस. बुलढाणा म्हणजे जुना वऱ्हाड, खामगावची कापसाची बाजारपेठ जगाला ठाऊक. 1870 साली खामगावला रेल्वेचा फाटा आणला तो कापसासाठीच. जिथे कपाशी तिथे फवारणी, आणि जिथे फवारणी तिथे घरात उरलेली बाटली. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये सरकारने पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर 60 दिवसांची बंदी घातली, ती यवतमाळ, अकोला, अमरावती, वाशीम आणि आमच्या बुलढाण्यात. त्या यादीतलं एक मिश्रण होतं फिप्रोनिल 40 टक्के अधिक इमिडाक्लोप्रिड 40 टक्के.

ही दोन नावं वाचून मी थांबलो. कारण पुण्यात कुत्र्याच्या मानेवर जे थेंब लोक पाच-सहाशे रुपये देऊन टाकतात, त्यांत हीच द्रव्यं असतात. इमिडाक्लोप्रिड 1991 मध्ये शेतीत आलं, कपाशीच्या रंगीत बियाण्यावरचा थर त्याचाच, आणि 1996 मध्ये कुत्र्यामांजरांच्या पिसवांसाठी. फिप्रोनिल 1993 मध्ये बाजारात आलं, लगेचच कुत्र्यांसाठीही. म्हणजे मामांचं म्हणणं अगदीच वेड्यासारखं नव्हतं! रेणू तोच आहे.

फरक आहे तो बाकी सगळ्यात. कुत्र्यासाठीच्या फिप्रोनिल स्प्रेमध्ये औषध असतं 0.25 टक्के. शेतीच्या साध्या फिप्रोनिलमध्ये 5 टक्के, म्हणजे वीसपट, आणि त्या मिश्रणात 40. थेंबांचं औषध 10 टक्के असतं, पण ते दहा किलोपर्यंतच्या कुत्र्याला एक मिलिलिटरपेक्षा कमी, तेही मानेच्या मागे, जिथे जीभ पोचत नाही. ते तेलकट थरातून त्वचेवर पसरतं आणि बरंचसं तिथेच राहतं. शेतीच्या औषधातले बाकीचे घटक पानावर पसरण्यासाठी, पानात मुरण्यासाठी असतात. ते चामडीतून काय आत नेतील ह्याचा विचार कोणी केलेला नसतो. आणि कुत्रं, मंडळी, स्वतःला चाटतं. कपाशी चाटत नाही.

वर फळीवरची बाटली फिप्रोनिलचीच असेल ह्याची काय खात्री? त्याच यादीत मोनोक्रोटोफॉसही होतं. ते मज्जातंतू आणि स्नायू यांच्यामधला 'थांब' हा सिग्नलच बंद पाडतं. लाळ, थरथर, जुलाब, श्वास अडकणं. मळ्यात ज्याला साप म्हणतात तो हा. उतारा म्हणून ॲट्रोपिन असतं, पण ते ढोराच्या दवाखान्यात असतं आणि वेळ हातात मिनिटांचा असतो. असं झालंच तर कुत्र्याला साबण आणि भरपूर पाण्याने धुवा, हातात प्लास्टिकची पिशवी घालून. आणि बाटली बरोबर घेऊन दवाखाना गाठा. डॉक्टरला नाव वाचू दे.

शहरी वाचकांनी फार हुरळू नये, आपलीही एक फळी आहे: आयव्हरमेक्टिन. सातोशी ओमुरा यांनी जपानमधल्या मातीत जीवाणू शोधला, विल्यम कॅम्पबेल यांनी त्यातून औषध घडवलं, 1981 मध्ये ते गुराघोड्यांसाठी आलं, 2015 मध्ये दोघांना नोबेल. उत्तम औषध, उवांवरही चालतं. पण कोली जातीच्या कुत्र्यांत मेंदूचा दरवाजा राखणारं एक जनुक अनेकदा बिघडलेलं असतं, हे 2001 मध्ये उलगडलं. गुरांना दर किलोला 200 मायक्रोग्रॅम देतात, अशा कोलीला त्याच्या निम्म्यात बेशुद्धी येऊ शकते. इंटरनेटवर वाचून गुरांचं इंजेक्शन पाजणारे महाभाग सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भेटतात. ती मामांचीच बादली, फक्त इंग्रजीतून.

आता निदान एवढं तरी आहे की कुत्र्याच्या अंगावरच्या किड्यांसाठी म्हणून तपासलेली औषधं मिळतात: सेलामेक्टिनचे थेंब, आणि 2013-14 पासूनच्या अफॉक्सोलानर, फ्लुरालानर ह्या गोळ्या. गोळ्या महाग आहेत, आणि फिट्स येणाऱ्या कुत्र्याला त्या डॉक्टरला विचारूनच. मळ्यातल्या कुत्र्यासाठी फिप्रोनिलचा स्प्रे पुरतो. कुठलंही साधं औषध वापरलं तरी एकदा मारून भागत नाही, कारण बहुतेक औषधं लिखांना मारत नाहीत. लीख फुटून पिल्लू निघायला आठ-दहा दिवस, मोठी होऊन अंडी घालायला आणखी दोनेक आठवडे. म्हणून दुसरा हात चौदाव्या दिवशी, घरातल्या सगळ्या कुत्र्यांना एकाच दिवशी. कॅलेंडरमध्ये रिमाइंडर टाका. गोणपाट, गादी गरम पाण्यात धुवा किंवा वैशाखातल्या उन्हात आठवडाभर टाका. यजमानाशिवाय उवा तेवढे दिवस काढत नाहीत. सोफा जाळू नका.

मामांसाठी मी दिवाळीला स्प्रेची एक बाटली नेली. त्यांनी लेबल वाचलं, फिप्रोनिल हे नाव ओळखलं आणि म्हणाले, "हे तं आपल्या थ्रिप्सचं औषध. एवढुशा बाटलीचे एवढे पैशे?" मग ०.२५ चा आकडा दाखवला. त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. बाटली मात्र फळीवर न ठेवता घरात, कपाटात ठेवली.